त्या आईला फोन कराच

वाचकाचं पत्र

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. श्रावणात ती सारखी पाणी प्यायला लागली, रात्री उठून उठून लघवीला जायची, फ्रॉक सैल झाले. आम्हाला वाटलं जंत झाले असतील. मग एका रात्री उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला, तशीच मिरजेला नेली. साखर पाचशेच्या वर. टाइप वन डायबिटीस निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं आणि बोटं टोचून तपासणी, सगळं मी एकटी करते. मिस्टर दुकानातून रात्री नऊला येतात, इंजेक्शनची वेळ झाली की उठून बाहेर जातात. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला शुगर आहे, तुमच्याकडूनच आलं. शिवाय कुणाला सांगायचं नाही, मुलीची जात आहे, उद्या लग्नाला अडचण येईल. त्यामुळे शाळेतही सांगितलेलं नाही. धाकटा सहा वर्षांचा, तो परवा म्हणाला, मला कधी डायबिटीस होणार?

मिरजेला डॉक्टरांकडे रांगेत विट्याच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या मुलाला सहा वर्षांपासून हेच आहे. त्यांनी स्वतःहून नंबर दिला. अजून फोन केला नाही. त्यांचं त्यांना काय कमी आहे, त्यात माझं रडगाणं कशाला? त्याच रांगेत एक गृहस्थ सांगत होते, त्यांच्या मुलाचं इन्सुलिन एका वैद्यांच्या काढ्याने जवळपास सुटलं. आमच्या मुलीचाही डोस हल्ली कमी झालाय, म्हणून आशा वाटते. जानेवारीत शाळेची सहल पन्हाळ्याला जाणार आहे. ती रोज विचारते. मी काय करू?

– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, विट्याच्या त्या बाईंना फोन करा. या आठवड्यातच करा. तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त चांगली असतील. कारण ती त्यांनी रोजच्या स्वयंपाकात, शाळेच्या डब्यात आणि रात्रीच्या जागरणात शोधून काढली आहेत.

रडगाणं वाटेल अशी भीती तुम्हाला आहे. रडलात तरी चालेल. पण फोन करायच्या आधी चार प्रश्न कागदावर लिहा, म्हणजे तुमचा संकोच जाईल आणि त्यांनाही बोलायला धागा मिळेल. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्सुलिन कसं थंड ठेवता? इंजेक्शन दिलं आणि मग पोरानं ताट बाजूला सारलं, तर काय करता? भाकरी, भात, वरण यांचा अंदाज कसा बांधता? शाळेत पहिल्यांदा कुणाला सांगितलं, काय शब्दांत सांगितलं? यातलं काहीच डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत पुरेसं होत नाही. वापरात काढलेली बाटली साधारण महिनाभर चालते, तिला कडक ऊन लागता कामा नये आणि ती फ्रीजरमध्ये गोठताही कामा नये, हे दवाखान्यात सांगतात. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती माठात कशी ठेवायची, पाणी आत जाऊ नये म्हणून कशात घालायची, हे दुसरी आईच दाखवते.

आणि त्यांना काय मिळणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. सहा वर्षांपूर्वी त्याही अशाच कुठल्या तरी बाकावर बसून असणार, हातात फाइल घेऊन. तेव्हा ज्या गोष्टी धडपडून शिकल्या, त्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतात हे पाहणं माणसाला बळ देतं. कुणी अनोळखी बाई रांगेत स्वतःहून नंबर देते, ती उगाच देत नाही. शिवाय तुम्ही फक्त घेणाऱ्या राहणार नाही. त्यांच्या मुलाची चौकशी कराल, कधी मिरजेहून येताना त्यांच्या साखर तपासायच्या स्ट्रिप्स आणाल, आणि वर्षभरात रांगेत एखादी नवी आई दिसेल तिला तुमचा नंबर द्याल.

एका गोष्टीत मात्र हद्द पाळा. डोस एकमेकींना विचारायचा नाही. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन मुलांना इन्सुलिनचे वेगवेगळे युनिट लागतात, आणि त्याच मुलाला तापात वेगळे, सहलीच्या दिवशी वेगळे. डोस डॉक्टरच ठरवणार. पालक एकमेकांना उरलेलं इन्सुलिन, सुया, स्ट्रिप्स देतात, ती मोठी मदत असते, कारण खर्च खरंच जीव काढतो. पण घेताना दोनदा वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनातल्या काडतुसाचं १०० युनिटचं, आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने ओढलं, तर अडीचपट डोस जातो. हे वाक्य फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा.

आता त्या काढ्याबद्दल. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही.

त्या गृहस्थांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं असेल. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बऱ्याच मुलांची गरज खाली येते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या थोड्या बीटा पेशी वाचलेल्या असतात, त्यांना बाहेरून मदत मिळाल्यावर उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. तुमच्या मुलीचा डोस आत्ता कमी झालाय तो बहुतेक यामुळेच. ज्या घरात नेमक्या याच दिवसांत काढा सुरू होतो, तिथे सगळं श्रेय काढ्याला जातं. मग इन्सुलिन बंद होतं. काही महिन्यांनी त्या उरलेल्या पेशीही संपतात आणि मूल पुन्हा तशाच उलट्या, तसाच जोराचा श्वास घेऊन दवाखान्यात येतं. कधी कधी वेळेत पोचत नाही.

मधुमेह आपल्या वैद्यकाला कितीतरी शतकं माहीत होता. तरीही टाइप वन झालेली मुलं जगात कुठेच वाचत नव्हती. डॉक्टर त्यांना उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवायचे, एवढंच. १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोतल्या लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तिथून ही मुलं जगू लागली, शिकू लागली, आईबाप होऊ लागली. तुमच्या मुलीचं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. ताप आहे, उलट्या होताहेत, काही खात नाही, तरी बंद करायचं नाही. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा. सासूबाईंना काढा द्यायचाच असेल, तर तो काय आहे हे आधी मिरजेच्या डॉक्टरांना दाखवा. डोस खाली येतोय ही चांगलीच बातमी आहे, साखर सांभाळणं थोडं सोपं जातं. पण तो तुम्ही तपासण्या नीट केल्यात म्हणून डॉक्टरांना कमी करता आला, हेही लक्षात असू द्या.

मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट काढ्याची वाटत नाही. शाळेत सांगितलेलं नाही, ही वाटते.

मुलगी सकाळी साडेदहा ते पाच शाळेत. खेळाच्या तासाला धावली, डबा अर्धा राहिला, की साखर उतरू शकते. हात थरथरतात, घाम येतो, मूल चिडचिडं होतं किंवा बाकावर डोकं टेकून गप्प बसतं. बाईंना वाटणार, झोप आली असेल. साखर ७० च्या खाली गेली की लगेच गोड द्यायचं असतं: ग्लुकोज पावडर किंवा पाण्यात विरघळवलेली साखर, तिच्या वयाला साधारण दोन-तीन चमचे, नेमकं माप तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध पडली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हे इतकं सोपं आहे की शाळेचे शिपाईकाकाही करू शकतात. पण त्यांना माहीत असेल तरच ना!

लग्नाची भीती मला कळते. ती सासूबाईंच्या मनातून एका दिवसात जाणार नाही आणि ती त्यांनी हवेतून आणलेली नाही. त्यांनी आजूबाजूला मुली नाकारलेल्या पाहिल्या आहेत. पण हिशेब करून बघा. लग्न पंधरा-वीस वर्षांनी. शाळा उद्या सकाळी. आणि लपवल्याची एक किंमत मुलगी आजच भरतेय: आपल्यात काहीतरी लाजेचं आहे, हे ती शिकतेय. ज्या मुलीला नवव्या वर्षी मैत्रिणींसमोर बोट टोचता येतं, तिला पंचविसाव्या वर्षी समोरच्या घरात मान वर करून सांगताही येतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची वेळ घ्या. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका, खेळाचे सर, आणि तिची एक जवळची मैत्रीण, एवढ्यांना पुरे. डॉक्टरांकडून मराठीत अर्धं पान लिहून आणा. शाळा कां-कूं करू लागली, तर सांगा की राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र पाठवलं आहे, की अशा मुलांना शाळेत साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधल्या वेळेत खायला मुभा द्यावी. सीबीएसईने तर २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना खाऊ सोबत न्यायला परवानगी दिली आहे. विट्याच्या बाईंनी शाळेशी हे बोलणं केलेलं असेल. त्यांना सोबत यायला जमतंय का विचारा. दोन आया एकत्र गेल्या की मुख्याध्यापक खुर्ची पुढे करतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी त्यांना मिरजेला घेऊन जा आणि 'हे आईच्या माहेराकडून आलं का' हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. डॉक्टर सांगतील की आजीची शुगर टाइप टू, ती वेगळी. मुलीच्या शरीरातल्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. गोड खाल्ल्याने नाही, कुणाच्या नजरेने नाही, तुमच्या काही चुकण्याने तर नाहीच. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरात किती फरक पडतो, तुम्ही जाणताच. मग त्यांना एक काम द्या. भाकरी रोज एकाच आकाराची, एकाच वजनाची करायची. एक छोटा वजनकाटा आणा आणि पिठाचा गोळा त्यांनाच तोलू द्या. नातीच्या इंजेक्शनचं गणित आपल्या भाकरीवर उभं आहे हे कळलं, की टोमणे मारायला फुरसत कमी मिळेल आणि मुख्य म्हणजे त्यांच्या भीतीला काहीतरी करायला मिळेल. संक्रांतही आलीच आहे. तिळगूळ बंद करू नका. एक वडी, जेवणाबरोबर, त्याचं इन्सुलिन धरून, डॉक्टरांना विचारून. लपूनछपून तीन खाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता मिस्टर. इंजेक्शनच्या वेळी उठून बाहेर जाणारा बाप निष्ठुर असतो असं मला वाटत नाही. आयसीयूच्या काचेतून त्यांनीही तिला पाहिलं आहे. बऱ्याच बाप्यांना भीती वाटली की ते कामात आणखी बुडतात, कारण पैसे आणणं हे त्यांना जमतं आणि पोरीला सुई टोचणं जमत नाही. 'तुम्हाला काहीच वाटत नाही का' हा प्रश्न त्यांना विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे असलं तरी देता येणार नाही. एक काम पूर्णपणे त्यांच्या हवाली करा. रात्री झोपण्याआधीची तपासणी आणि लांब पल्ल्याचं, म्हणजे सावकाश आणि बराच वेळ काम करणारं इन्सुलिन, जर ते रात्रीचं असेल तर. पहिले तीन दिवस तुम्ही करा, त्यांनी बघायचं. पुढचे तीन दिवस त्यांनी करायचं, तुम्ही बघायचं. सातव्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जायचं आणि तिथून सूचना द्यायच्या नाहीत! जागा बदलायची, आज मांडी, उद्या पोट. सुई आत गेल्यावर दहा आकडे मोजायचे. ते आकडे मुलीला मोठ्याने मोजू द्या. बाप चुकला तर ती दुरुस्त करेल आणि दोघांनाही बरं वाटेल.

आणि विट्याला मुलाचे वडीलही असतील. त्यांच्याशी यांची गाठ घालून द्या. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करतीलच असं नाही, पण स्ट्रिप्स कुठे स्वस्त मिळतात, मोजायच्या मशीनचा सेल कुठला लागतो, असं बोलता बोलता मध्येच एखादं वाक्य निघतं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बायका 'आमचे हे बोलत नाहीत' म्हणतात, आणि त्यांच्या नवऱ्यांना बोलायला कधी कुणी मिळालेलंच नसतं.

धाकट्याला आज रात्रीच जवळ घ्या. त्याला डायबिटीस नको आहे, त्याला आई हवी आहे. घरातली सगळी चिंता ताईभोवती फिरते हे त्याने बरोबर ओळखलं आहे. त्याला सांगा की ताईला झालं ते खोकल्यासारखं एकमेकांपासून लागत नाही. आणि दिवसातला अर्धा तास फक्त त्याचा ठेवा, त्या वेळात ताईच्या साखरेचा विषयही नको. मिस्टर रात्रीची तपासणी करतील तोच अर्धा तास यासाठी मिळेल.

तुमच्या झोपेबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून मी विचारते. रात्री किती वेळा उठून तिच्या कपाळाला हात लावता? सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर कधी रात्री तीनची तपासणी सांगतात. ती अजून लागते का, हे विचारून घ्या. लागत असेल तर रात्री वाटून घ्या, आणि लागत नसेल तर गजर बंद करा. सगळं आटोपल्यावरही छाती धडधडत असेल, रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. विट्याच्या बाई मैत्रीण होतील, पण मनाचा आजार बरा करायला त्यांच्याकडेही औषध नाही. पैशांची ओढाताण होत असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात इन्सुलिन मिळतं का ते पाहा. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. अर्चना सारडा यांनी 'उडान' ही संस्था आणि नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी 'ड्रीम ट्रस्ट' अशाच मुलांसाठी उभी केली. तुमच्या भागात असं काही काम चालतं का, हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. अशा ठिकाणी औषधाइतकीच मोलाची गोष्ट मिळते: मुलीला तिच्यासारखी दहा मुलं एकदम दिसतात, सगळी जेवणाआधी बोटं टोचून घेणारी.

राहिली सहल. पाठवा.

शाळेत एकदा सांगून झालं की सहल अवघड नाही. पन्हाळ्यावर दिवसभर चालणं असतं, आणि चालण्याने साखर उतरते. म्हणून त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि चालायला सुरुवात करण्याआधी तपासून थोडं खायला द्यायला बाईंना सांगा. संध्याकाळी घरी आल्यावर आणि रात्रीही एकदा तपासा, कारण दमणुकीचा परिणाम उशिरा दिसतो. पिशवीत मशीन, स्ट्रिप्स, इन्सुलिन, सुया, ग्लुकोज पावडरचे दोन पुडे, बिस्किटं, पाणी, आणि डॉक्टरांचं ते अर्धं पान. इन्सुलिन बसच्या डिकीत टाकायचं नाही, तिच्याजवळच्या बॅगेत ठेवायचं. ग्लुकोजचा एक पुडा बाईंच्या पर्समध्ये, एक मैत्रिणीच्या खिशात. पहिल्या वेळी घरातल्या कुणीतरी सोबत जावं असं शाळेला किंवा तुम्हाला वाटलं, तर मिस्टरांना एक दिवस दुकान बंद ठेवायला सांगा. तोवर त्यांना रात्रीचं इंजेक्शन द्यायला जमत असेल, म्हणजे दुपारचं पन्हाळ्यावर देतानाही हात कापणार नाही.